औषध तेच, वॉर्ड वेगळा

खानापूर तालुक्यात डॉक्टर म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. जांबोटीचा पेशंट असो की नंदगडचा, तपासणारे डॉक्टर, इंजेक्शन देणारे डॉक्टर आणि गोळ्यांची पुडी बांधणारेही डॉक्टरच. फार तर हाताशी एक कंपाउंडर. समजा, अशा भागातला एखादा मुलगा बेळगावात एमबीबीएस करतो, परीक्षा देत देत अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे रुग्णालयातल्या पुढच्या प्रशिक्षणाला, पोचतो. हृदय तिथेही डावीकडेच असतं. मग अडतं कुठे?

तिथे सकाळच्या राउंडला फार्मासिस्ट सोबत असतो. तो बेधडक सांगतो, "या पेशंटची किडनी कमजोर आहे, डोस कमी करा." व्हेंटिलेटर बघायला रेस्पिरेटरी थेरपिस्ट असतो, आपल्याकडे तो भार बहुतेक वेळा रेसिडेंटच्याच डोक्यावर. रात्री दोनला नर्स फोन करून विचारते, "हे औषध का लिहिलंत?" हा अपमान नव्हे, तिचं कामच ते. सीनियरला सगळ्यांसमोर "डोस जास्त होत नाही ना?" असं विचारणं तिथे रेसिडेंटकडून अपेक्षितच असतं. आपल्याकडे सर बोलतात आणि ज्युनिअर मान हलवतो. त्या शिस्तीत वाढलेला मुलगा आदरानं गप्प राहतो आणि तिथल्यांना वाटतं, याला काही येत नाही. त्यात औषधांची नावंही वेगळी: साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल झालेलं, ॲड्रिनलिनचं एपिनेफ्रिन. अमेरिकेत दर चार डॉक्टरांमागे साधारण एक जण बाहेरच्या देशात शिकलेला आहे, म्हणजे हे किती जणांच्या वाट्याला येत असेल!

मला थक्क करते ती पुढची गोष्ट. या नुसत्या बोलण्याचा परिणाम मोजता येतो. पाळी बदलताना पेशंट किती गंभीर, आजवर काय झालं, रात्री काय करायचं, काय बिघडू शकतं, हे ठरलेल्या क्रमानं सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. अमेरिका-कॅनडातल्या ९ बालरुग्णालयांत रेसिडेंटना एवढं शिकवलं, तर उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ना नवं औषध, ना नवं यंत्र!

त्याआधीची कहाणी तर आपल्याच घरची. यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन पुढच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले, ओहायोत यूरोलॉजिस्ट म्हणून स्थिरावले. त्यांचा मुलगा अतुल सर्जन झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यानं सहकाऱ्यांसह शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची यादी तयार केली. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो: चीर देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. दिल्लीसह ८ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आलं. एकदा नाव उच्चारलेला माणूस पुढे धोका दिसला की तोंड उघडतो, असं या कामातल्यांचं म्हणणं आहे.

खानापूरच्या मुलांकडे अशा बोलण्यासाठीचं भांडवल आहे, असं मला मनापासून वाटतं. घरात मराठी, कचेरीत कन्नड, पश्चिमेच्या गावांत कोकणी. समोरचा माणूस बघून बोलण्याची ढब बदलणं त्यांना लहानपणापासून जमतं.

तेव्हा रेसिडेन्सीची स्वप्नं बघणाऱ्यांनो, पुस्तकं वाचाच. पण इंटर्नशिपमध्ये रोज पाळी बदलताना नर्सबाईंच्या शेजारी उभे राहा, त्या काय सांगतात ते ऐका आणि न समजलेलं तिथल्या तिथे विचारा.