कॉम्प्युटरच्या तासाला फ्लेमिंगो: मुलांना इंटरनेटवर माहिती शोधायला शिकवायचं कसं?

"काका, जलप्रदूषणावर प्रोजेक्ट काढून द्या. दहा पानं, चित्रं रंगीत."

शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात परीक्षेच्या आधी हे वाक्य हमखास ऐकू येतं. काका पाच मिनिटांत प्रिंट काढतात, मुलगा पानं फाईलला लावतो आणि शाळेत मार्कही मिळतात. या सगळ्यात इंटरनेट वापरलं कोणी? काकांनी.

पण मुलं तर दिवसभर फोनवरच असतात ना?

असतात. 'असर २०२३' या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरताही येत होता. घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप मात्र १० टक्क्यांहून कमी मुलांकडे होता. शहरातले आकडे वेगळे असतील, पण फोन चालवता येणं आणि माहिती शोधून तपासता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सगळीकडेच लागू होतं.

मग उपाय काय?

कॉम्प्युटर हा पाठ करायचा विषय न ठेवता एखाद्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला तो वापरायचा. ही कल्पना नवी नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत बर्नी डॉज यांनी 'वेबक्वेस्ट' नावाची पद्धत मांडली. शिक्षक एक प्रश्न आणि काही निवडक वेबसाईट्स देतात. मुलं गटात वाचतात, कामं वाटून घेतात आणि शेवटी स्वतःचं उत्तर मांडतात.

नवी मुंबईत हे कसं करता येईल?

समजा नववीच्या वर्गाला प्रश्न दिला: 'ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य किती मोठं आहे आणि नेरूळचा डीपीएस तलाव त्यात येतो का?'

पहिली अडचण शोधतानाच येते. 'फ्लेमिंगो' टाकलं तर एक माहिती मिळते, 'रोहित पक्षी' टाकलं तर दुसरी, 'अग्निपंख' टाकलं तर तिसरी. एकाच पक्ष्याची ही तीन नावं. शब्द बदलला की उत्तरं बदलतात, हा सर्चचा पहिला धडा.

दुसरी अडचण आकड्यांची. एका ठिकाणी सुमारे १,६९० हेक्टर लिहिलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी सुमारे ६,५२१ हेक्टर. चूक कोणाची? कोणाचीच नाही. पहिला आकडा २०१५ मध्ये जाहीर झालेल्या अभयारण्याचा आहे. दुसरा २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणजे रामसर स्थळ, म्हणून घोषित झालेल्या क्षेत्राचा. त्यात अभयारण्याभोवतीचा भागही मोजला जातो. 'हा आकडा नेमका कशाचा?' हे विचारायची सवय इथे लागते.

तिसरा भाग नकाशाचा. अभयारण्याची हद्द आणि तलाव एकाच नकाशावर पाहिले की कळतं, तलाव हद्दीबाहेर आहे. एप्रिल २०२४ मध्ये नेरूळ परिसरात फ्लेमिंगो मृतावस्थेत सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वाचताना मुलं तारीखही पाहतात, कारण २०२४ ची बातमी आजची परिस्थिती सांगेलच असं नाही.

या ओघात फाईलला नीट नाव देणं, तक्त्यात आकडे भरणं, लिंक जपून ठेवणं, फोटो कोणाचा आहे ते लिहिणं हे सगळं वेगळा धडा न घेता येतं.

वेबसाईट खरी की खोटी, कसं ओळखायचं?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे पीएचडीधारक, स्टॅनफर्डचेच विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांची तुलना केली. पहिल्या दोन गटांतले अनेकजण वेबसाईटच्या देखण्या रूपाला आणि अधिकृत वाटणाऱ्या नावाला फसले. फॅक्ट-चेकर मात्र त्या पानावर रेंगाळले नाहीत. त्यांनी लगेच नवे टॅब उघडले आणि या वेबसाईटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. ही युक्ती नववीच्या मुलालाही एका तासात शिकवता येते. एआय चॅटबॉटच्या उत्तरालाही हाच नियम: स्रोत विचारायचा आणि तो स्वतः उघडून पाहायचा.

लॅबमध्ये कॉम्प्युटरच कमी असतील तर?

चार मुलांना एक कॉम्प्युटरही पुरतो. एक शोधतो, एक नोंदी करतो, एक दुसऱ्या ठिकाणी पडताळतो, एक मांडणी करतो. दर तासाला कामं बदलायची, नाहीतर माऊस कायम एकाच्याच हातात राहतो. शिक्षकांनी पाच-सहा लिंक आधी वाचून ठेवल्या तर वेळ वाचतो. कुठेही स्वतःचा फोन नंबर किंवा पत्ता भरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचं.

मार्क देताना मात्र फक्त सुंदर फाईलला देऊन चालणार नाही. काय शोधलं, काय सापडलं, काय सोडून दिलं आणि का, याची साधी वही मुलांनी ठेवावी आणि निम्मे मार्क तिला असावेत. ही वही झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही.

पालकांनाही एक गोष्ट करता येईल. पुढच्या वेळी घरात प्रोजेक्टची फाईल दिसली की त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवा आणि विचारा, "हा कुठे मिळाला?" मुलाने लिंक उघडून दाखवली, तर त्याला कॉम्प्युटर येतो. "काकांनी दिला" असं उत्तर आलं, तर ती लिंक दोघांनी मिळून शोधा.