जुन्या मोटारीचे सुटे भाग

साताऱ्याहून कराड व पेठ नाका या मार्गाने सांगलीस जाणाऱ्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर नव्या चकचकीत मोटारींच्या बरोबरीने पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या मोटारीही धावताना दिसतात. एखादा शेतकरी आपल्या मोटारीतून बी-बियाणे आणीत असतो, तर एखादे कुटुंब घरातील वृद्ध आजोबांना मिरजेच्या रुग्णालयात नेत असते. नवी मोटार घेणे प्रत्येकास परवडतेच असे नाही आणि नीट निगा राखली, तर जुनी मोटारही प्रामाणिक सेवकाप्रमाणे काम देते. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर मोटारीची तपासणी होते आणि ती रस्त्यावर चालविण्यास योग्य ठरली, तरच नोंदणीचे नूतनीकरण होते. मात्र निगा म्हणजे नुसते धुणे-पुसणे नव्हे. झिजलेला भाग वेळीच काढून त्याच्या जागी चांगला भाग बसविणे, हीच मोटारीची खरी निगा होय. हा चांगला भाग कोठून मिळवावा आणि तो चांगला आहे हे कसे ओळखावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

पूर्वी सुतार बैलगाडीचे चाक घडवीत असे, ते त्याच गाडीच्या मापाचे. एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीस बसेलच, असा भरवसा नसे. प्रारंभीच्या मोटारींचीही हीच अवस्था होती. कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून जागेवर बसवीत असे. एका मोटारीचा भाग दुसरीला हुबेहूब बसू शकतो काय, याची एक संस्मरणीय परीक्षा १९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलंड्स येथे झाली. कॅडिलॅक या अमेरिकन कंपनीच्या तीन मोटारी पूर्णपणे खोलण्यात आल्या आणि त्यांचे सारे भाग एकत्र मिसळून टाकण्यात आले. त्यांपैकी ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडील साठ्यातून भाग घेण्यात आले. मग पाने व पेचकस एवढ्याच हत्यारांनी त्या ढिगातून तीन मोटारी पुन्हा जोडल्या गेल्या. कोठेही कानस लावावी लागली नाही. त्या तिन्ही मोटारी प्रत्येकी ५०० मैल धावल्या! आज जत किंवा पाटण येथील दुकानातून आणलेला भाग दूरच्या कारखान्यात तयार झालेल्या मोटारीस बसतो, तो याच तत्त्वामुळे. सुट्या भागाचा पहिला गुण म्हणजे मापाची अचूकता, हे यावरून ध्यानात येईल.

परंतु मोटार जुनी झाली, की एक वेगळीच अडचण उभी राहते. मोटार टिकते, पण तिची निर्मिती बंद पडते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ‘पद्मिनी’ ही मोटार एके काळी महाराष्ट्रात घरोघर परिचित होती. तिची निर्मिती या शतकाच्या आरंभी थांबली. १९८३ साली रस्त्यावर आलेली ‘मारुती ८००’ आणि तिच्याही आधीपासूनची ‘अँबॅसडर’ या दोहोंची निर्मिती २०१४ साली बंद झाली. अशा मोटारीचा मालक सुटा भाग घेण्यास निघाला, म्हणजे त्याच्यापुढे निरनिराळे मार्ग असतात.

पहिला मार्ग मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत दुकानाचा. दुसरा मार्ग सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांचा. मोटार कंपनी सर्वच भाग स्वतः तयार करीत नाही. प्लग, बेअरिंग, क्लचप्लेट, फिल्टर असे अनेक भाग ती इतर कारखान्यांकडून घेते. ते कारखाने तेच भाग आपल्या स्वतःच्या नावानेही विकतात आणि मोटारीची निर्मिती थांबली, तरी पुष्कळदा त्यांचा माल मिळत राहतो. तिसरा मार्ग मोडीत काढलेल्या मोटारींच्या भागांचा आणि चौथा मार्ग लेथवर भाग घडवून घेण्याचा होय.

या चौथ्या मार्गाची परंपरा या परिसरास नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने कुंडल रोड स्थानकाजवळील उजाड माळावर आपला कारखाना उभारला. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नांगराचा फाळ जमिनीत झिजतो. तो बदलता आला नाही, तर अख्खा नांगर निकामी होतो. म्हणून नांगर विकणाऱ्याने फाळही पुरविला पाहिजे, हे उघड आहे. यंत्र विकणे आणि त्याचे सुटे भाग मिळत राहणे, या दोन गोष्टी अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. आज सातारा, मिरज व कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींत धातुकाम करणारे अनेक कारखाने आहेत. कुशल कारागीर झिजलेला भाग मोजतो आणि साधी बुश किंवा खिट्टी लेथवर हुबेहूब उतरवून देतो.

असे असले, तरी प्रत्येक भाग प्रत्येक मार्गाने घेणे शहाणपणाचे नाही. दाराची मूठ, आरशाची चौकट किंवा बंपर मोडीतल्या मोटारीचा घेतला, तरी चालते. तो फार तर मोटारीची शोभा उणी करील. परंतु ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात. तेथे वापरलेला अथवा अंदाजाने घडविलेला भाग कधीही बसवू नये.

हे नीट समजण्यासाठी वाईहून पाचगणीस जाणारा पसरणीचा घाट डोळ्यांपुढे आणावा. घाट उतरताना चालक ब्रेकच्या पेडलवर पाय दाबतो. त्या दाबाने नळीतील विशिष्ट द्रव पुढे सरकतो आणि चाकाजवळचे ब्रेकचे अस्तर, म्हणजेच लायनिंग, फिरत्या धातूवर दाबले जाते. त्या घर्षणाने चाकाची गती कमी होते, पण त्याच घर्षणाने उष्णताही निर्माण होते. चांगले लायनिंग ही उष्णता सोसते. हलके लायनिंग तापताच आपली पकड सोडू लागते. द्रव अडवून धरणारी रबरी वाटी निकृष्ट असेल, तर ती त्या द्रवातच फुगते किंवा चिरते आणि दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. गंमत अशी, की सपाट रस्त्यावर दोन्ही भाग सारखेच वाटतात. त्यांतील भेद घाटाच्या वळणावर कळतो. आणि तेथे कळून काय उपयोग? म्हणून तो दुकानातच ओळखला पाहिजे.

तो ओळखण्याची काही साधने आहेत. एकाच नावाच्या मोटारीतही वर्षागणिक बदल होतात, म्हणून दुकानात जाताना मोटारीच्या निर्मितीचे वर्ष, चासी क्रमांक व शक्य तर जुना भागही बरोबर न्यावा. जुन्या भागावर कोरलेला क्रमांक नव्याशी ताडून पाहावा. हे क्रमांक अर्थपूर्ण असतात. उदाहरणार्थ, ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग घेतले, तर त्यातील शेवटच्या ‘०४’ या अंकांना पाचाने गुणल्यास २० येतात. तेवढे मिलिमीटर त्याच्या आतील छिद्राचा व्यास असतो. ही मापे साऱ्या जगात एकच आहेत. त्यामुळे मोटार जुनी झाली, तरी असे बेअरिंग मिळण्यास अडचण पडत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे एका चौकटीत असतात. ते ‘२३२४’ असे असले, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. रबर न वापरताही जुने होते, म्हणून हे आकडे वाचणे अगत्याचे आहे. टायरवर आयएसआय चिन्ह आहे की नाही, हेही पाहावे.

नामांकित कंपनीच्या वेष्टनाची नक्कल करून हलका माल विकणारे लोकही असतात. वेष्टनावरील अक्षरे पुसट किंवा अशुद्ध असणे, भाग वजनास हलका लागणे, त्याच्या कडा ओबडधोबड असणे आणि किंमत आश्चर्य वाटावे इतकी कमी असणे, ही त्याची लक्षणे होत. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे. बिल देण्यास जो कचरतो, त्याच्या मालाविषयी शंका घेण्यास हरकत नाही.

सांगलीकरांना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असता पाणी ५७ फुटांवर चढले आणि शहराचा मोठा भाग जलमय झाला. पाण्यात बुडालेली मोटार बाहेरून धुतली, की स्वच्छ दिसते. परंतु गाळ व पाणी बेअरिंगमधील वंगणात आणि विजेच्या जोडांत शिरलेले असते. गंज तेथे आतल्या आत वाढत राहतो. अशा मोटारीचे विजेचे भाग किंवा बेअरिंगे स्वस्त मिळाली, तरी घेऊ नयेत. जुना भाग विकत घेताना तो कोणत्या मोटारीचा आहे, हे म्हणूनच विचारून घ्यावे.

शेवटी भरवसा ठेवावा लागतो तो माणसांवर. चांगला मिस्त्री बदललेला जुना भाग मालकापुढे ठेवतो, तो का बदलला हे दाखवितो आणि नवा भाग ज्या वेष्टनातून काढला ते वेष्टनही देतो. त्याची मजुरी चार पैसे अधिक असली, तरी ती वाया जात नाही. कारखान्यात माप तपासणारा कामगार, खरा माल ठेवणारा दुकानदार आणि जपून काम करणारा मिस्त्री यांनी मोटारीत बसणाऱ्या कुटुंबास बहुधा कधी पाहिलेलेही नसते. तरीही पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी पसरणीचा घाट उतरताना चालक पेडलवर पाय ठेवतो आणि मोटार वळणाआधीच निमूटपणे हळू होते. मागे बसलेली मुले दरीतील धुके पाहत राहतात. आपण सुखरूप का आहोत, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. ब्रेकचा चांगला भाग बसविला होता, हेच त्याचे कारण होय.