लांबचा रस्ता, कमी वेळ

दिल्लीहून अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोला विमानाने जायचे आहे. भिंतीवरच्या नकाशात तुम्ही पश्चिमेकडे सरळ रेघ ओढाल. थांबा! शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा सैबेरिया ओलांडून चक्क उत्तर ध्रुवीय प्रदेशात शिरतो! हा सर्वांत जवळचा मार्ग, सुमारे १२,४०० किलोमीटरचा. पण विमान नेहमीच या वाटेने जात नाही. तिथल्या कडक थंडीचा इंधनावर होणारा परिणाम आणि अडचणीच्या वेळी उतरायला जवळपास विमानतळ आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

एअर इंडियाने २०१५ साली ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिक महासागरावरून पश्चिमेकडे जाई. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आले. अंतर वाढून झाले सुमारे १५,३०० किलोमीटर. आणि वेळ? तो जवळपास दोन तासांनी कमी झाला! अवघ्या साडेचौदा तासांत विमान पोहोचले.

तुम्ही म्हणाल, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्याचा हा परिणाम. पण नीट विचार करा. तसे असते, तर पश्चिमेकडे जाणाऱ्यालाच फायदा व्हायला हवा होता. त्याचे शहर आपण होऊन त्याच्याकडे सरकत आले असते! तसे होत नाही, कारण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. धावत्या गाडीत वर फेकलेला चेंडू पुन्हा तुमच्याच हातात पडतो ना, तसेच.

खरी करामत आहे वाऱ्याची. विषुववृत्तावरची जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, तर ४० अंश अक्षांशावरची केवळ १,२८० च्या आसपास. विषुववृत्ताकडची तापलेली हवा उंचावरून ध्रुवाकडे निघाली, की आपला जादा वेग ती बरोबर नेते आणि खालच्या जमिनीच्या पुढे पूर्वेकडे पळू लागते. अशा वेगवान वाऱ्यांच्या चिंचोळ्या पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. ते साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके मोठी विमाने उडतात तिथेच असतात. त्यांचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो.

आता गणित सोपे आहे. स्थिर हवेत विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरा. पाठीमागून १५० चा वारा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग १,०५०. समोरून असेल, तर ७५०. नदीच्या प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीची उदाहरणे तुम्ही सोडवली आहेतच! १५,३०० ला साडेचौदाने भागा, म्हणजे वाऱ्याने किती हात दिला ते कळेल.

घड्याळाचीही गंमत पाहा. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते. त्यामुळे प्रवास साडेचौदा तासांचा होऊनही स्थानिक घड्याळात वेळ पुढे गेली फक्त दोन तास!

आता पृथ्वीगोल पुन्हा हातात घ्या. विमानाला सॅन फ्रान्सिस्कोहून दिल्लीला परत यायचे आहे. हाच वारा पाठीशी हवा असेल, तर कोणता महासागर ओलांडावा लागेल?