मनगटातून हृदयापर्यंत, आणि रात्री घरी!

हात पुढे कर पाहू! तळवा वर. आता अंगठ्याच्या बाजूला, मनगटावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हलकेच टेकव. लागलं का काही? टुक... टुक... टुक!

ती तुझी नाडी. तिथे कातडीखाली एक रक्तवाहिनी आहे. मोठ्या माणसाची असते जेमतेम २ ते ३ मिलिमीटर रुंद. आणि गंमत सांगू? एवढ्याशा वाटेनं डॉक्टर थेट हृदयापर्यंत पोचतात! सकाळी हृदयाची दुरुस्ती, आणि रात्रीच्या जेवणाला आजोबा घरी!

खोटं वाटतं ना? ऐक तर.

हृदय दिवसभरात सुमारे १ लाख वेळा धडधडतं. सगळ्या शरीराला रक्त पाठवतं. पण त्याचा स्वतःचा खाऊ? तो घेऊन येणाऱ्या रक्तवाहिन्या वेगळ्याच असतात, हृदयावर बाहेरून पसरलेल्या. मोरीचा पाइप आतून चिकट होत होत तुंबतो ना? तशीच यांच्यात आत चरबी साचते आणि वाट अरुंद होते. मग चालताना छातीत दुखतं, दम लागतो. मोठी माणसं म्हणतात, ‘ब्लॉकेज आहे.’

यावरचा उपाय ओळख पाहू! फुगा! हो, खराखुरा फुगा!

सप्टेंबर १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात अँड्रियास ग्रुंत्सिग या डॉक्टरांनी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा असा इटुकला फुगा फुगवला. माणूस चक्क जागा होता! आणि असे फुगे त्यांनी कुठे बनवायला घेतले होते, माहीत आहे? कारखान्यात? छे! घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर!

या फुग्यात हवा मात्र भरत नाहीत. पाण्यासारखा द्रव भरतात. का बरं? समजा, फुगा फुटलाच, तर हवेचा बुडबुडा रक्ताची वाटच अडवेल! शिवाय हा द्रव एक्स-रेच्या पडद्यावर ठळक दिसतो. फुगा फुगला की चरबी कडेला दाबली जाते. आता फुग्यावर धातूची बारीक जाळीही बसवलेली असते. फुगा फुगतो, जाळी उघडते. फुगा मिटून बाहेर येतो, जाळी आतच राहते. ‘आजोबांना स्प्रिंग टाकली’ म्हणतात, ती हीच. तिचं नाव स्टेंट.

हे सगळं बऱ्याचदा तासाभरात उरकतं. मग पूर्वी दवाखान्यात मुक्काम का पडायचा? मोठं कारण होतं, फुगा हृदयापर्यंत नेणारी नळी शरीरात घालायची जागा! ती असायची जांघेत. तिथली रक्तवाहिनी जाडजूड आणि खोल. रक्त आतल्या आत झिरपलं तर चटकन कळतही नाही. म्हणून पाय न वाकवता तासन् तास उताणं पडून राहायचं. बापरे!

मग १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या ॲमस्टरडॅम शहरात फर्डिनांड कीमेनेई या डॉक्टरांनी नळी मनगटातून नेली. मला ही युक्ती फार आवडते. मनगटातली रक्तवाहिनी अगदी वर, आणि खाली हाड. वरून दाबलं की रक्त थांबलं! माणूस लगेच उठून बसतो, चालतो, चहा पितो.

पण थांब! ती रक्तवाहिनी बंदच पडली तर हाताचं काय? इथे शरीरानं कमाल केली आहे. करून बघ. मूठ घट्ट आवळ. आईला मनगटाच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबून धरायला सांग. आता मूठ सैल सोड. तळवा कसा फिकट दिसतो बघ! आईनं आता फक्त करंगळीकडचा अंगठा उचलायचा. काही सेकंदांत तळवा पुन्हा गुलाबी! कारण हाताला रक्त देणाऱ्या रक्तवाहिन्या दोन आहेत, आणि तळव्यात त्या एकमेकींना मिळतात. एक थांबली तरी दुसरी हात सांभाळते! डॉक्टरही ही तपासणी करतात.

काम झालं की मनगटावर एक पारदर्शक पट्टा बांधतात. त्यात भरतात हवा! पट्टा पारदर्शक का? रक्त येतंय का ते दिसावं म्हणून. नर्सताई थोड्या थोड्या वेळानं थोडी थोडी हवा काढतात. रक्त आलं नाही, सगळं ठीक असलं, की काही तासांत डिस्चार्ज!

सगळ्यांनाच मिळतो असं नाही हं. हार्ट ॲटॅक आलेल्यांना थांबावंच लागतं. घरी जाणाऱ्यासोबतही रात्री कुणीतरी हवं. त्या हातानं काही दिवस पाण्याची बादली उचलायची नाही.

आणि गोळ्या! त्या का, सांगू? गुडघा खरचटला की रक्तातल्या चिमुकल्या पेशी धावत येतात आणि रक्त गोठवतात. नवी जाळी दिसली की त्यांना वाटतं, इथेही जखम झाली! त्या तिथेही गर्दी करतात आणि वाट पुन्हा बंद होऊ शकते. गोळ्या त्यांना आवरतात. हळूहळू जाळीवर रक्तवाहिनीचं स्वतःचं पातळ अस्तर चढतं. त्याला काही महिनेही लागतात. तोवर आजोबांना रोज विचारायचं काम तुझं: ‘आजोबा, गोळी घेतलीत का?’