बी.एड. आहे, पण क्यूटीएस आहे का?

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे लंडनच्या हॅरोत किंवा लंडनबाहेरच्या स्लावमध्ये आलेल्या मराठी बायकांमध्ये शिक्षिका बऱ्याच. गणित-विज्ञानाच्या बी.एस्सी., बी.एड. आणि गाठीशी सात-आठ वर्षांचा अनुभव. पोरं शाळेत रुळली की आपणही शाळेत शिकवावं, असं मनात येतं. चौकशी केली की पहिलाच प्रश्न अंगावर येतो : "दहावीला इंग्रजीत किती होते?"

चेष्टा वाटते, पण ती नसते. इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर जीसीएसई या परीक्षेत इंग्रजी आणि गणितात किमान ग्रेड ४ लागते. प्राथमिक शाळेत शिकवायचं असेल तर विज्ञानातही. जीसीएसई सोळाव्या वर्षी देतात, म्हणजे आपल्या दहावीच्याच वयाची परीक्षा. पुढे तुम्ही एम.एस्सी. केलंत, पीएच.डी. केलीत, तरी ही अट माफ होत नाही. भारतातून आलेल्यांना दहावीची गुणपत्रिका दाखवून समकक्षता सिद्ध करावी लागते. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचं समाधान झालं नाही, तर वेगळी समकक्षता परीक्षा. चाळिशीतली, दोन पोरांची आई अपूर्णांक आणि स्वल्पविराम घोकत बसते. अनेकींना यात अपमान वाटतो. मला वाटत नाही. सात वर्षांच्या पोराला अपूर्णांक शिकवणाऱ्या बाईला ते स्वतःला येतात का, हे एकदा विचारलेलं बरं.

दुसरी अट पदवीची, आणि इथे आपला सगळ्यात मोठा गैरसमज मोडतो. महाराष्ट्रात बारावीनंतर डी.एड., म्हणजे आताचं डी.एल.एड., करून प्राथमिक शिक्षक होता येतं. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा याच शिक्षकांनी उभ्या केल्या. ब्रिटनमध्ये प्राथमिक असो की माध्यमिक, पदवीशिवाय प्रशिक्षित शिक्षक होता येत नाही. बारावीनंतर थेट शिक्षक व्हायचं असेल तर शिकवण्याच्या परवान्याची, म्हणजे क्यूटीएसची, सोय असलेला पदवी अभ्यासक्रमच घ्यावा लागतो. नुसत्या डी.एड.वर पंधरा वर्षं उत्तम शिकवलेली बाई इथे टीचिंग असिस्टंट होते. वर्गात बसते, कच्च्या मुलांजवळ थांबते, पण फळ्यापाशी दुसरंच कोणी उभं असतं. ही गोष्ट बोचते, आणि बोचायलाच हवी.

आता ते क्यूटीएस. क्वालिफाइड टीचर स्टेटस हा शिकवण्याचा परवाना, आणि पीजीसीई ही विद्यापीठाची पदव्युत्तर पात्रता. बहुतेक जण दोन्ही एकाच वर्षात मिळवतात, म्हणून लोक ती एकच समजतात. मुंबई-पुण्याच्या इंटरनॅशनल शाळांमधले शिक्षक बऱ्याचदा पीजीसीईआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय पीजीसीई, करतात. बहुतेकदा ऑनलाइन, घरबसल्या. नावात पीजीसीई आहे, ब्रिटिश विद्यापीठाचा शिक्काही आहे. पण त्याने क्यूटीएस मिळत नाही. पैसे भरण्याआधी माहितीपत्रकात 'क्यूटीएस' हा शब्द सापडतो का ते बघा. सापडला नाही तर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

परवाना वर्गात मिळवायचा असतो. प्रशिक्षणाच्या वर्षात साधारण १२० दिवस शाळेत, तेही किमान दोन वेगवेगळ्या शाळांत, काढावे लागतात. आपल्याकडे बी.एड.चे 'पाठ' काढतात, तसंच. फरक इतकाच की इथे पाठ हाच मुख्य अभ्यास असतो आणि व्याख्यानं त्याच्या कडेने चालतात. मागच्या बाकावर मेंटॉर लॅपटॉप उघडून बसलेला असतो. तास संपला की तो विचारतो : तिसऱ्या रांगेतल्या मुलीने वीस मिनिटांत एकदाही पेन उचललं नाही, तुझ्या लक्षात आलं का? विषय किती येतो याच्या बरोबरीने वर्ग किती दिसतो, हे तपासलं जातं. शिक्षकांसाठी आठ मानकं ठरलेली आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वर्षभर गोळा होतो. परवाना मिळाल्यावर पुढची दोन वर्षं देखरेखीखाली काढायची. ही दोन वर्षांची पद्धत सप्टेंबर २०२१ पासून आली, आधी एकच वर्ष होतं.

गंमत म्हणजे, शाळेतच शिकवत शिकवत शिक्षक घडवायचा हा विचार इंग्लंडला जाऊन पोचला तो मद्रासमार्गे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एग्मोर इथल्या मुलांच्या अनाथालयाचा प्रमुख होता. वाळूत बोटाने अक्षरं गिरवणारी देशी पोरं त्याने पाहिली, आणि मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेण्याची पद्धत त्याने आपल्या शाळेत रुजवली. १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तिका छापली, आणि इंग्लंडात ती 'मद्रास सिस्टिम' म्हणून गाजली. आज आपल्याकडच्या बी.एड.ला तिथे समकक्षता पत्र मागतात, हा इतिहासाचा जरा खोडकर विनोद.

पण एक दार २०२३ मध्ये उघडलं. परदेशात प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो, आणि ज्या देशांचा त्यात नव्याने समावेश झाला त्यांत भारतही आहे. अट अशी की तुम्ही गणित, विज्ञान किंवा भाषा ११ ते १६ वयोगटाला शिकवण्यासाठी प्रशिक्षित हवेत. शिवाय पदवी, किमान एका शैक्षणिक वर्षाचा अनुभव, इंग्रजीचा पुरावा. इतिहास-भूगोलाच्या बाईंना हे दार बंदच. भाषेच्या शिक्षकांनीही भाषा कोणती ते बघावं. जीसीएसईमध्ये बंगाली, पंजाबी, उर्दू, गुजराती आहेत, मराठी नाही. रविवारच्या मराठी वर्गात शिकवायला कसलाच परवाना लागत नाही, तेवढंच.

हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडचा कारभार निराळा. तिथे १९६५ साली स्थापन झालेली शिक्षक परिषद नोंदणी करते आणि त्या नोंदणीशिवाय सरकारी शाळेत शिकवता येत नाही. इंग्लंडचं क्यूटीएस असलं तरी नोंदणीचा अर्ज नव्याने करावा लागतो. वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्याही आपापल्या परिषदा आहेत. नवऱ्याची बदली लंडनहून ग्लासगोला होणार असेल, तर हे आधी विचारात घ्या.

खर्चाचं म्हणाल तर २०२५-२६ मध्ये इंग्लंडच्या रहिवाशांसाठी पीजीसीईची फी ९,५३५ पौंडांपर्यंत होती. शिक्षक मिळत नाहीत त्या विषयांना सरकार उलट पैसे देतं. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक यांना त्या वर्षी २९,००० पौंड, तेही करमुक्त. पण ही रक्कम कोणाला लागू, ते तुमच्या व्हिसावर ठरतं. स्वतःचं गणित आधी मांडून बघा.

आणि विमानात बसण्याआधी एक करा. दहावीची मूळ गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका आणि बी.एड.चं प्रमाणपत्र एका फाइलमध्ये घाला, आणि ती फाइल हातातल्या बॅगेत ठेवा. शाळेकडून अनुभवाचा दाखलाही आत्ताच घ्या, त्यात विषय आणि इयत्ता स्पष्ट लिहून. हॅरोत बसून पुण्याच्या शाळेच्या कचेरीत फोन लावत राहण्यापेक्षा ते फार सोपं आहे.