मिसिसिपीतल्या पोरीचे प्रश्न

१९४०च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या सेंटरव्हिल या छोट्या गावात एक काळी मोलकरीण आपल्या पोरांना घेऊन सिनेमाला आली. थिएटरपाशी पोरांना शेजारची गोरी मुलं भेटली. एरवी ती सगळी एकत्र खेळायची. गोरी मुलं लॉबीत शिरली, तशी एसी मे आणि तिची भावंडंही त्यांच्यामागे आनंदाने आत धावली. आईने त्यांना ओरडत, ओढत बाहेर काढलं. त्या दिवशी सिनेमा राहिलाच. खालच्या चांगल्या खुर्च्या गोऱ्यांच्या आणि वरची बाल्कनी काळ्यांची, हे पोरीला त्या दिवशी कळलं. असं का, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

ही एसी मे म्हणजे पुढची ॲन मूडी. १५ सप्टेंबर १९४० रोजी जन्मलेल्या या मुलीने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९६८ साली, ‘कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी’ हे आत्मकथन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी माया अँजेलो या दुसऱ्या काळ्या लेखिकेचं बालपणाचं आत्मकथन आलं आणि जगभर गाजलं. मूडीचं पुस्तक अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये वाचलं जातं, आपल्याकडे त्याचं नाव कमी ऐकू येतं. अँजेलोच्या गद्यात लय आहे, कवितेचा स्पर्श आहे. मूडी सरळ, कोरडं लिहिते, आणि या विषयाला तो कोरडेपणाच जास्त मानवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. पण १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ हे तत्त्व मान्य केलं आणि दक्षिणेतल्या राज्यांना रान मोकळं मिळालं. शाळा, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ, दवाखाने, सगळंच वेगवेगळं झालं. वेगळेपण काटेकोर पाळलं गेलं, समानतेचं नाव कोणी घेतलं नाही. मूडीचे आईवडील गोऱ्या मालकाच्या शेतावर वाट्याने राबत आणि लाकडी खोपटात राहत. टेकडीवर मालकाचं घर होतं. पुढे वडील दुसऱ्या बाईबरोबर निघून गेले. आई टूस्वीट गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. पोरांच्या ताटात रोज घेवड्याच्या उकडलेल्या बिया आणि पाव. मालकिणीच्या घरचं उरलंसुरलं आई घेऊन यायची तो दिवस सणाचा. नऊ वर्षांची झाल्यावर एसी मे स्वतःही झाडलोटीला जाऊ लागली: आठवड्याला ७५ सेंट आणि दोन गॅलन दूध.

भुकेची वर्णनं अशा पुस्तकांत असतातच. मूडीचं पुस्तक वेगळं ठरतं ते पोरीच्या प्रश्नांमुळे. तिचे दोन मामा दिसायला अगदी गोरे. मग ते गोरे का नाहीत? तिने आजीला विचारलं, आईला विचारलं, पण धड उत्तर कोणी दिलं नाही. गोऱ्यांपाशी असं काय गुपित आहे, हे शोधायला ती खेळाच्या निमित्ताने गोऱ्या सवंगड्यांची अंगंही न्याहाळून पाहते. वेगळं काहीच सापडत नाही. वर्णभेद ही वेडगळ गोष्ट आहे हे दाखवायला एखाद्या विद्वानाने जाडजूड ग्रंथ लिहिला असता. इथे एका लहान पोरीच्या तपासणीत ते काम होऊन जातं.

ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोहून मिसिसिपीत नातेवाइकांकडे आलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला. दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, एवढाच आरोप. फक्त गोरे पंच असलेल्या ज्युरीने आरोपींना निर्दोष सोडलं. पुढे त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची हकिकत सांगितली. मूडी तेव्हा पंधरा वर्षांची होत आली होती. तिने आईला विचारलं, तर आई म्हणाली, कामावर जा आणि तुला काहीच माहीत नाही असं दाखव. मालकिणीने, मिसेस बर्कने, उलट मुद्दाम विषय काढला आणि तो मुलगा आपली पायरी विसरला म्हणून गेला, हे तिला ऐकवलं. आधी भुकेची आणि नरकाची भीती होती. आता केवळ काळं असल्यामुळे मारलं जाण्याची भीती आली. तिचा राग दोघांवर होता, मारणाऱ्या गोऱ्यांवर आणि मुकाट राहणाऱ्या आपल्या माणसांवरही. एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना काय आहे, हे तिला समजावून सांगणाऱ्या शिक्षिका पुढच्या वर्षी शाळेत नव्हत्या.

आपल्याच माणसांविषयीची ही परखड नजर पुस्तकभर आहे. आईचा दुसरा नवरा रेमंड. त्याच्या घरचे लोक उजळ रंगाचे, म्हणून त्यांना सावळी टूस्वीट चालत नाही. चर्चमध्येही ते तिला ओळख देत नाहीत. ज्यांना गोऱ्यांनी खाली ढकललं, त्यांनी स्वतःमध्येही पायऱ्या पाडल्या. मराठी वाचक इथे थबकतो, कारण बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या सुनांचे घरात होणारे हाल असेच आडपडदा न ठेवता आले आहेत. हे नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून घेतलं.

बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर मूडी कॉलेजात गेली, पुढे जॅक्सन शहराजवळच्या टूगालू कॉलेजात आली. २८ मे १९६३. जॅक्सनमधल्या वूलवर्थ दुकानाच्या, केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर पर्लीना लुईस आणि मेम्फिस नॉर्मन यांच्यासोबत ती जाऊन बसली. काउंटर बंद झालं, वेट्रेस निघून गेल्या, गर्दी जमली. नॉर्मनला स्टुलावरून खाली ओढून लाथांनी तुडवलं. मूडी आणि तिच्या सोबत्यांच्या डोक्यावर केचप, मोहरीची चटणी, साखर ओतली गेली. पुढे टूगालूचे प्राध्यापक जॉन सॉल्टर आणि गोरी विद्यार्थिनी जोन ट्रम्पॉवर हेही शेजारी येऊन बसले. पोलीस दुकानाबाहेर उभे. हे जवळजवळ तीन तास चाललं. फ्रेड ब्लॅकवेल या वृत्तछायाचित्रकाने टिपलेला फोटो आजही चळवळीच्या इतिहासात छापला जातो.

फोटोत नसलेली गोष्ट पुस्तकात आहे. तिथून सुटल्यावर मूडी चिकट झालेल्या केसांनी जवळच्या ब्यूटी पार्लरमध्ये गेली. नंबर लावून बसलेल्या काळ्या बायकांनी काही न विचारता तिला पुढे जाऊ दिलं, आणि पार्लरवालीने तिचे केस धुतले. त्या बायका कुठल्या मोर्चात गेल्या असतील असं वाटत नाही. मुकाट राहणाऱ्यांवर चिडलेल्या लेखिकेने हा प्रसंग वगळला नाही, हे तिच्या प्रामाणिकपणाचं लक्षण.

दोनच आठवड्यांनी, १२ जूनला, एनएएसीपीचे मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. मारेकऱ्याला शिक्षा व्हायला १९९४ साल उजाडलं. मूडी कँटन गावी मतदारनोंदणीच्या कामाला लागली. नाव नोंदवायला येणाऱ्या काळ्या माणसाला राज्यघटनेच्या कलमाचा अर्थ सांगायला लावत, आणि अर्थ बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवे. १९६४ मध्ये मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या काळ्यांपैकी सात टक्केही मतदारयादीत नव्हते. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवाद्यांच्या हिंसक संघटनेच्या यादीत मूडीचा फोटो छापून आला. घरून आईची पत्रं येत होती: थांब, नाहीतर आम्हाला मारतील. ही पत्रं वाचताना आईला भित्री म्हणवत नाही. कामावरून काढणं, घर जाळणं, खून, हे सगळं तिने आपल्या गावात पाहिलं होतं.

१९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मताधिकार कायदा आला, पण पुस्तक त्या विजयापर्यंत जात नाही. वॉशिंग्टनला निघालेल्या बसमध्ये, भोवती सोबती गाणी गात असताना, तो विजय खरंच मिळेल का या शंकेवर ते थांबतं. मूडीने पुढे चळवळ सोडली, बरीच वर्षं न्यूयॉर्कमध्ये काढली आणि १९७५ मध्ये कथांचं एक छोटं पुस्तक दिलं. ५ फेब्रुवारी २०१५ रोजी मिसिसिपीतच तिचं निधन झालं.

पुस्तकाचे चार भाग आहेत आणि निम्म्याहून जास्त पानं चळवळीच्या आधीची आहेत. वूलवर्थच्या ओढीने ती पानं भराभरा उलटण्याचा मोह होईल. तो टाळा. तो काउंटर समजायचा असेल तर आधी ती बाल्कनी, ते दोन मामा आणि टूस्वीटचं गप्प राहणं वाचायलाच हवं.