‘मी काहीच नाही केलं!’

रविवारी सकाळी साडेआठला मावशीचा फोन. ‘अगं, लॅपटॉपवरचे फोटोच दिसेनात. मी काहीच नाही केलं हं, आपोआप गेले!’

आयटीत नोकरी लागली की घरात आपली आणखी एक पोस्ट तयार होते. पगार शून्य, सुट्टी नाही. प्रिंटर, वायफाय, टीव्हीचा रिमोट, आजोबांचं व्हॉट्सअॅप... सगळं आपल्याच खात्यात. मी ऑफिसात जावामध्ये कोड लिहिते, याने कुणालाच फरक पडत नाही. ‘तू कॉम्प्युटरवाली ना? मग बघ की!’ आणि प्रत्येक तक्रारीत दोन वाक्यं ठरलेली. एक, ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं, मी ओके केलं.’ आणि दुसरं, ‘मी काहीच नाही केलं.’

पूर्वी या दुसऱ्या वाक्याला मी जाम हसायचे. आता नाही हसत. कारण एकदा तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं.

नोकरीचं दुसरं वर्ष. शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. आमचा क्लायंट घरपोच औषधं पोचवणारा. एक ऑर्डर सिस्टिममध्ये अडकली होती, ती रद्द करायची होती. दोन मिनिटांचं काम. डेटाबेसला सांगायचं, अमुक नंबरच्या ऑर्डरपुढे ‘रद्द’ लिही. हे ‘अमुक नंबरच्या’ सांगणारा जो भाग असतो, त्याला व्हेअर क्लॉज म्हणतात. घाईत मी क्वेरीचा फक्त वरचा भाग सिलेक्ट केला आणि रन केला. व्हेअर खालीच राहिलं.

स्क्रीनवर ‘१ ओळ बदलली’ असं यायला हवं होतं. आकडा आला पाच अंकी. म्हणजे सगळ्या ऑर्डर्स रद्द! माझ्या स्क्रीनवर टेस्टिंगची आणि लाइव्ह सिस्टिमची अशा दोन खिडक्या उघड्या होत्या, दिसायला जुळ्या बहिणी. ही लाइव्ह होती.

हात गार पडले. कॅन्टीनला निघालेल्या मैत्रिणीने विचारलं, ‘काय गं, येतेस?’ म्हटलं, ‘तू हो पुढे.’ आणि मी गप्प बसून एकटीच ते निस्तरायचा प्रयत्न करायला लागले. डोक्यात एकच विचार. कुणाला कळायच्या आत नीट झालं तर? आणि कळलंच, तर सरळ म्हणायचं, मी काहीच नाही केलं, सिस्टिमचाच काहीतरी बग असेल.

बारा मिनिटं गेली. त्या बारा मिनिटांत सिस्टिम मात्र इमानेइतबारे तिचं काम करत होती. ऑर्डर रद्द झाली की ग्राहकाला मेसेज जातो. ‘तुमची औषधांची ऑर्डर रद्द झाली आहे.’ एकामागून एक, शेकडो लोकांना.

शेवटी उठले, टीम लीडच्या डेस्कपाशी गेले आणि सांगून टाकलं. वाटलं, आता हा ओरडणार. त्याने फक्त विचारलं, ‘क्वेरी किती वाजता रन केलीस?’ मग पहिल्यांदा मेसेज बंद केले. आदल्या रात्रीचा बॅकअप आणि त्यानंतरच्या बदलांचे लॉग वापरून आम्ही रात्री साडेअकराला सगळं पूर्ववत आणलं. नोकरी गेली नाही. पण सोमवारी तो म्हणाला, ‘चुकीची क्वेरी मीही चालवलीये. ती बारा मिनिटं मात्र तुझी होती.’ त्या रात्री कस्टमर केअरच्या मुलींनी माझ्यामुळे लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांना जाऊन सॉरी म्हणताना ते वाक्य नीट समजलं.

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही. ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना, १९९८मध्ये, पिक्सारमध्ये कुणीतरी चुकीच्या ठिकाणी डिलीटची कमांड चालवली आणि बहुतेक सिनेमाच उडाला. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता! वाचवलं कुणी? गॅलिन सुसमन यांनी. घरी तान्हं बाळ असल्यामुळे त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक कॉपी होती.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या इंजिनीअरने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. बॅकअपच्या एकेक सोयी तपासल्या, तर त्या चालतच नव्हत्या. शेवटी योगायोगाने घेतलेली सहा तासांपूर्वीची एक कॉपी कामी आली. पण मला त्यातलं आवडतं ते पुढचं. त्यांनी काही लपवलं नाही. काय झालं, काय करतोय, हे सगळं जगासमोर लिहीत राहिले आणि दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं.

तेव्हा तुमच्या ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ नावाच्या प्रोजेक्ट फाइल्सचं काय? लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच सॅकमध्ये असतील, तर तो बॅकअप नाही. सॅक लोकलमध्ये राहिली की दोन्ही गेले. आमच्याकडे साधा हिशोब असतो, ३-२-१. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे क्लाऊडवर चालेल. आणि महिन्यातून एकदा ती कॉपी उघडून बघा. उघडतच नसेल, तर ती असून नसल्यासारखीच.

आणि ग्रुप प्रोजेक्टमधली फाइल तुमच्याकडून उडाली, तर लगेच ग्रुपवर टाका. सबमिशनच्या आदल्या रात्री नाही. चार जण चिडतील, पण चौघांकडे वेळ उरेल.

मीही दोन सवयी लावून घेतल्यात. लाइव्ह सिस्टिमच्या खिडकीला भडक लाल रंग. आणि आधी ‘किती ओळी बदलणार’ ते मोजून बघायचं, मगच हात लावायचा.

हां, मावशी फोनवरच आहे अजून.

‘मावशी, मी चिडणार नाही. काल लॅपटॉपवर काय काय केलंस, सांग.’

जरा वेळ शांतता. मग हळूच, ‘जागा संपली म्हणत होता गं. म्हणून एक फोल्डर डिलीट केला.’

‘रिसायकल बिन रिकामी केलीस?’

‘ते काय असतं?’

फोटो तिथेच होते. सगळेच्या सगळे.